बरणीत उतरलेला ताप

बरणीभोवती सगळी गल्ली लोटली होती. काचेतल्या पाण्यात बारीक काळपट काहीतरी वळवळत होतं आणि बरणीवाले बाबा डोळे मिटून सांगत होते, "बघा, बघा! पोरीच्या अंगातला ताप पाण्यात उतरला. कसा तडफडतोय!"

एकाने हात जोडले, ते बघून बाकीच्यांनीही जोडले. बाबांचा उपचार सोपा होता. आजाऱ्याच्या उशाशी पाण्याची उघडी बरणी ठेवायची, पाणी बदलायचं नाही, झाकण लावायचं नाही आणि डॉक्टरकडे तर मुळीच जायचं नाही, कारण त्याने ताप बिचकतो.

गर्दीत उभ्या आत्याचा जीव टांगणीला लागला होता. ती पोर तिची सख्खी भाची. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं, तरी वहिनी ऐकायला तयार नव्हती.

आत्याचं काम साथींचं गणित मांडण्याचं. शहरात डेंग्यू आणि चिकुनगुन्या असे दोन ताप फिरत होते. एरवी दोघांची चाल वेगळी, पण या गल्लीत दोन्ही आलेख जोडीने चढले. दोघांना वाहून नेणारा डास एकच, म्हणजे इथे डासच वाढले असणार, एवढं गणिताने सांगितलं. कशामुळे, ते आत्याला दारोदारच्या बरण्या पाहून कळलं होतं.

तिने पिशवीतून स्वतःची बरणी काढली. तोंडाला पातळ फडकं बांधलेलं होतं.

"ही आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात उघडी ठेवली होती. हिच्यातही वळवळ झाली. तिथे ताप कोणाला होता, बाबा? कपाटाला?"

"कपाटालाही दृष्ट लागते, बाई."

"वळवळ दिसली तेव्हा मी फडकं बांधलं. आता आत बघा."

शेजारीण वाकली. फडक्याला आतून पांढऱ्या पट्ट्यांचे डास चिकटले होते.

"अगंबाई! बाबा, तुमच्या तापाला पंख फुटले की!"

बाबांना एकाएकी दुसऱ्या गल्लीतला आजारी आठवला आणि ते निघाले.

"वन्सं, पण शेजारचे काका बरे झाले ना?" वहिनीने विचारलं.

"बहुतेकांचा ताप आपोआपच उतरतो, वहिनी. श्रेय मिळतं बरणीला. हिचं तसं नाही. हिला आत्ताच्या आत्ता हलवायला हवं."

"म्हणजे मी पोरीच्या उशाशी डास पाळले," वहिनी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

"रडायचं ते गाडीत रडा. उचला तिला."

पोर वाचली, पण थोडक्यात वाचली. म्हणून सांगणं एवढंच, की ताप आला तर दवाखाना गाठावा आणि साठलेलं पाणी ओतून टाकावं. कोणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी त्यावर फडकं बांधून चार दिवस वाट पाहावी. खरा असेल, तर तो फडक्याला घाबरणार नाही.