गल्लीभर फिरलेला ऑसिलोस्कोप

मित्रांनो, माझे नाव उच्चारताना जीभ अडखळते: ऑसिलोस्कोप. माझ्या अंगावर एक छोटा हिरवा पडदा आहे. तारेतून वाहणारी वीज त्यावर रेघ होऊन नाचते. यंत्र धडधाकट असेल तर रेघ गुळगुळीत, बिघडले असेल तर काटेरी.

ताईंनी मला आणले तेव्हा मी नवा कोरा होतो. ताईंचा कारखाना म्हणजे अरुंद गल्लीतल्या दोन खोल्या. तिथे तान्ह्या बाळांचा श्वास मोजणारी यंत्रे बनत. समोर, शेजारी, अगदी जिन्याखालीसुद्धा असलेच उद्योग. कुणी सर्किट बनवी, कुणी सेन्सर, कुणी प्रोग्राम लिही. माझ्यासारखा मात्र गल्लीत मी एकटाच! मला उसना नेणाऱ्याने आपली खुर्ची ताईंकडे ठेवायची, असा रिवाज पडला. उभ्याने काम करून पाय दुखले की माणूस मला आपसूक परत आणी. येताजाता चार गोष्टी विचारी, दोन सांगून जाई. माझे फार कौतुक होई आणि, खोटे कशाला बोलू, मला ते आवडे.

मग एक दिवस घुम्या गेला. घुम्या म्हणजे ताईंचा सगळ्यात हुशार कारागीर. समोरचे काकाही श्वासयंत्रेच बनवत. तो त्यांच्याकडे कामाला लागला.

"शिकला माझ्याकडे आणि राबतोय समोरच्याकडे!" ताईंचा संताप झाला.

त्यांचा भाऊ म्हणाला, "इथे भिंतींनाही कान आहेत, ताई. लांब जाऊ या. ना कुणी बघणार, ना कुणी पळवणार."

आम्ही गावाबाहेर गेलो. जागा ऐसपैस, भरपूर उजेड. पण साधा स्क्रू संपला तरी काम अडून राही. मला मागायला कुणी येईना. मी कपाटात धूळ खात पडलो. मला फार एकटे वाटे.

अशात एका मोठ्या रुग्णालयाने ताईंची यंत्रे तपासायला घेतली. बाळ शांत झोपलेले आणि यंत्र उगाच बोंब मारू लागले! रुग्णालयाने महिन्याची मुदत दिली. हे काम हातचे गेले असते तर कारखान्याला कुलूपच लागले असते. माझ्या पडद्यावर नुसते काटे. बहीणभावाने डोकेफोड केली, पण कारण सापडेना.

"कुणाला तरी विचारू या," भाऊ म्हणाला.

"इथे कुणाला विचारू? भिंतीला?"

शेवटी ताईंनी अभिमान गिळला. यंत्र आणि मला घेऊन त्या काकांच्या दारात उभ्या राहिल्या.

"अगं, आत ये. आधी चहा घे," काका म्हणाले. त्यांनी घुम्याला हाक मारली.

घुम्याने यंत्र उघडले. "ताई, विजेची तार आणि सेन्सरची तार एकत्र बांधलीय. आमचंही असंच झालं होतं. काकांनी शोधून काढलं."

भावाने हौसेने बांधलेला तारांचा जुडगा त्याने सोडला. माझी रेघ गुळगुळीत झाली.

ताईंनी त्याला विचारले, "परत येतोस?"

"नाही, ताई. इथं बरं चाललंय माझं. पण तुम्ही या ना परत गल्लीत. हाक मारली की येतो."

ताई आधी रुसल्या, मग खुदकन हसल्या. काम मिळाले आणि महिन्याभरात आम्ही गल्लीतल्या जिन्याखाली रिकाम्या झालेल्या खोलीत राहायला आलो.

मित्रांनो, आता माझा पडदा अंधूक झाला आहे. तरी एक विनंती ऐका. तुमच्याजवळ चांगली वस्तू असेल, तर तिची निगा राखा, पण कुलपात ठेवू नका. शेजारी मागायला आला, तर द्या. तो तुमच्याशी स्पर्धा करणारा असला, तर दोन मिनिटे जास्त बसवून घ्या.