शेवंता चहाची खिडकी

आमच्या थांब्यावर आधी एक दगड होता. पाटाचं काम झालं तेव्हा कुणीतरी टाकून दिलेला, वरून सपाट, तीन बायका दाटीवाटीने बसतील एवढा. त्यावर बसलं की समोर पाटावरचा पूल दिसायचा आणि पुलावर बस चढली की आम्ही पदर झटकून उठायचो. अंबडला कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आम्ही सहा-सात जणी होतो. थांब्याला छप्पर पाहिजे असा अर्ज मीच लिहिला, कारण दहावी झालेली मी एकटीच होते. पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकते.

अर्जाचं उत्तर यायला दीड वर्ष लागलं. ते आलं चौऱ्याऐंशी साली. छपरासाठी पैसे नाहीत, पण एखाद्या व्यापाऱ्याने जाहिरातीच्या बदल्यात थांबा बांधून दिला तर परवानगी मिळेल, असं त्यात लिहिलं होतं. व्यापारी मिळाला. यादवशेठ. त्यांचं मेनरोडच्या बोळात चहापत्तीचं दुकान होतं आणि 'शेवंता चहा' हा त्यांचा स्वतःचा छाप. थांबा शेठ बांधणार, त्यावर पाच वर्षं त्यांच्या चहाची जाहिरात राहणार. आणि ती जाहिरात रंगवायचं काम आमच्याच घरात आलं.

माझे मालक जयराम पेंटर. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण 'हे आले, हे गेले' असं लिहीत बसले तर तुम्हाला कुणाचा पत्ता लागायचा नाही, म्हणून घेते. सिद्धार्थनगरातले जयंतीचे फलक, दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरं, सगळं तेच रंगवायचे. बोलायला मात्र महाकंजूष. लग्नानंतर पंधरा दिवस मला वाटत होतं, ह्यांना मी पसंत नाही. मग एकदा मी कामावरून आले तर घरातल्या सगळ्या डब्यांवर नावं रंगवलेली. तांदूळ, डाळ, गूळ. आणि मिठाच्या डब्यावर 'लता'. मी म्हटलं, साखरेच्या डब्यावर का नाही? तर म्हणाले, "साखरेवाचून चालतं." त्या दिवशी मी त्यांच्या न बोलण्याला माफी दिली, ती आजतागायत.

थांबा महिनाभरात उभा राहिला. वर पत्रे, खाली कडाप्प्याचा बाक, मागे भिंत. आणि पुलाच्या बाजूला, म्हणजे जिकडून बस येते नेमकी तिकडेच, जमिनीपासून छपरापर्यंत एक मोठा सपाट पत्रा. त्यावर जयरामनी चार दिवस खपून कपबशी धरलेली एक हसरी बाई काढली आणि खाली टपोऱ्या अक्षरांत 'शेवंता चहा, घोटाघोटाला तरतरी'. पूल उतरणाऱ्या प्रत्येकाला ती बाई दिसावी म्हणून पत्रा तिकडे. शेठचं काही चुकलं नव्हतं, पैसे त्यांचे होते. आमचा दगड तेवढा कंत्राटदाराच्या माणसांनी थांब्याच्या पायाभरणीत टाकून दिला.

पहिल्याच सकाळी आम्ही मोठ्या हौसेने नव्या बाकावर बसलो. गप्पा रंगल्या होत्या आणि बस समोरून निघून गेली. पत्र्यामुळे आम्हाला बस दिसली नाही आणि ड्रायव्हरला आम्ही. पूल उतरताना गाडीला वेग असतो. थांब्यावर माणूस दिसला तरच तो ब्रेक लावायचा, नाहीतर कशाला लावेल? दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळ्या जणी छपराच्या बाहेर, पत्र्याच्या पुढे उभ्या राहू लागलो. थांब्यात ठमाबाईच्या शेळ्या बसायच्या. ठमाबाई पेठ तालुक्याकडची, पाटाच्या कडेने शेळ्या चारायची. ती आम्हाला म्हणायची, "लय झ्याक बांधलंय तुम्ही. माझ्या शेळ्यांना लय आवडलं." मला हसू यायचं आणि रागही यायचा, कारण अर्ज माझा होता.

त्याच सुमारास मला दिवस गेले. तिसऱ्यांदा. आधीची दोन हाती लागली नव्हती, एक सहाव्या महिन्यात गेलं आणि एक सातव्यात. त्या दोन्ही वेळी मी घरी पडून होते. नुसतं पडून राहायचं, कुठे दुखतंय का बघत राहायचं, आणि दुखलं नाही तर का दुखत नाही म्हणून घाबरायचं. ह्या वेळी मी ठरवलं होतं की शेवटपर्यंत कामावर जायचं. कारखान्यात विजेच्या मोटारींच्या तारेच्या कॉइल गुंडाळायचं माझं काम, तेही स्टुलावर बसून. हात चालू असले की डोकं गप्प राहतं. डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बसून काम आहे ना, मग जा. पण लता, उभं राहायचं नाही. पाच मिनिटं नाही, दोन मिनिटं नाही. आणि पळायचं तर अजिबात नाही."

कारखान्यातले सुपरवायझर भले माणूस. त्यांनी मला गर्दीची सकाळची बस सोडून साडेनऊच्या बसने यायची मुभा दिली. पण साडेनऊला थांब्यावर चिटपाखरू नसायचं. मी एकटी. बसले तर बस थांबत नाही, आणि बस थांबवायची तर उभं राहायचं. ती साडेनऊची बस कधी दहाला यायची, कधी सव्वादहाला.

मग जयराम रोज माझ्याबरोबर येऊ लागले. मी आत बाकावर, ते बाहेर उन्हात. बस पुलावर आली की म्हणायचे, "ऊठ." दिवसातला तेवढा एक शब्द. बस थांबवून, मला चढवून मग डबे-ब्रश घेऊन कामाला जायचे. असे दोन महिने गेले आणि सहावा लागला. मला दोघांचीही दया यायची, त्यांची आणि माझी, पण ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

सहाव्या महिन्यात त्यांना इगतपुरीला आठ दिवसांचं काम आलं, घाटावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या पाट्या. ते नको म्हणत होते. शेजारच्या कुसाबाईला तुझ्याबरोबर यायला सांगतो म्हणाले. मीच फणकारले, "मी काय अंगणवाडीतली आहे? जा तुम्ही." हे माझं नेहमीचंच. मदत घ्यायची म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

पहिले दोन दिवस मी उभी राहिले. संध्याकाळी पाय सुजले. तिसऱ्या दिवशी दहा वाजले तरी बसचा पत्ता नव्हता, म्हणून मिनिटभर टेकावं असं ठरवून आत बसले. नेमका तेव्हाच आवाज आला. मी उठून पत्र्याच्या बाहेर येईपर्यंत बस पुढे गेली होती. हात वर करून मी तिच्यामागे पळाले. चारच पावलं. पाचव्या पावलाला पोटात अशी कळ आली की मी रस्त्याच्या कडेला खालीच बसले.

पाटाच्या पलीकडून ठमाबाईने बघितलं. शेळ्या तशाच टाकून ती आली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि रिक्षा मिळेपर्यंत माझ्या पोटावर हात ठेवून म्हणत राहिली, "हाय, बाई, हाय. हलतंय. काय नाय झालं." तिला खरंच काही हलताना कळलं होतं का, की माझ्यासाठी म्हणत होती, हे मी तिला नंतरही विचारलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले. बाळ ठीक होतं. मला मात्र त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मी त्याच लायकीची होते.

निरोप गेल्यावर जयराम हातातलं काम टाकून संध्याकाळच्या गाडीने आले. खाटेजवळ बसले. त्यांच्या नखांत अजून हिरवा रंग होता. काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघितली आणि मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "मला जिच्यामागे बस दिसत नाही ती बाई तुम्हीच काढलीय."

त्यांनी मान खाली घातली. बोलून गेल्यावर मला इतकं वाईट वाटलं की मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडले. चूक त्यांची नव्हती. पण मी घाबरले होते, आणि माझं घाबरणं नेहमी दुसऱ्याच्या अंगावर जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते यादवशेठच्या दुकानात गेले. पुढचं मला स्वतः शेठनी नंतर सांगितलं, जयरामच्या भरवशावर राहिले असते तर दीड वाक्यात आटोपलं असतं. जयराम म्हणाले, "शेठ, पत्र्याला खिडकी पाडायची आहे." शेठ भडकले. "माझ्या जाहिरातीला भोक पाडतोस?" जयराम फक्त म्हणाले, "एकदा चला." शेठची स्कूटर होती, बसच्या थांब्यावर ते आयुष्यात बसले नव्हते. जयरामनी त्यांना बाकावर बसवलं, शेळ्यांच्या मधोमध, आणि स्वतः पार भिंतीमागे जाऊन उभे राहिले. पाऊण तास गेला. शेठ घामाघूम झाले. मग बस आली आणि शेठच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

"थांबली का नाही रे?" शेठनी विचारलं.

"त्याला चहावाली बाई दिसली, शेठ. तुम्ही नाही दिसलात."

शेठनी रुमालाने घाम पुसला. मग म्हणाले, "तुझी बायको रोज हे करते?" जयराम म्हणाले, "सहावा महिना आहे." एवढंच. शेठनी खिडकीला हो म्हटलं, पण एक अट घातली. शेवंता चहा हे नाव आधीइतकंच ठळक राहिलं पाहिजे, आणि बघणाऱ्याला पत्रा फाटलाय असं वाटता कामा नये.

ओळखीच्या वेल्डरकडून जयरामनी पत्रा कापून घेतला. कुणाचा हात कापू नये म्हणून कडा आत दुमडून घेतल्या. मग ती हसरी बाई पूर्ण पुसली आणि त्या चौकोनाभोवती घराची खिडकी रंगवली. लाकडी चौकट, बाजूला सारलेला निळा पडदा, खाली कट्टा. कट्ट्यावर कपबशी धरलेला एक हात. बाईचा चेहरा मात्र काढलाच नाही.

आठवड्याने मी थांब्यावर गेले तेव्हा त्यांनी मला आधी पुलाच्या बाजूने जाहिरात दाखवली. मी तो हात बघितला. करंगळी थोडी वाकडी, अंगठ्याजवळ तारेने कापल्याची खूण, हिरव्या काचेच्या चार बांगड्या. मी माझा हात पुढे करून बघितला.

"चेहरा कुठंय?" मी विचारलं.

"बस आत," ते म्हणाले.

मी बाकावर बसले. खिडकी बरोबर माझ्या तोंडासमोर होती, त्यांनी घरी मला बसवून उंची मोजली होती ती कशाला हे तेव्हा कळलं. समोर अख्खा पूल दिसत होता. साडेनऊची बस दहा वाजता पुलावर चढली आणि मी बसल्या जागी तिच्याकडे बघत राहिले. ड्रायव्हरने वेग कमी केला, पुढे वाकून निरखून बघितलं आणि बरोबर थांब्यासमोर गाडी लावली. कंडक्टर दार उघडत म्हणाला, "या, शेवंताबाई. सावकाश चढा."

त्यानंतर माझं तेच नाव पडलं. पूल उतरणारे लोक खिडकीत आज कोण आहे हे बघायचे, आणि शेठचा चहा आमच्या भागात घरोघर गेला. मला त्याचं काही नव्हतं. मी दिवस ढकलत होते. सातवा लागला, आणि सातवा संपला. संपला त्या दिवशी मी कामावर कॉइल गुंडाळता गुंडाळता रडले.

जयराम आता थांब्यावर येत नसत. घरातून निघताना म्हणायचे, "कामाला जातो," आणि माझ्याआधी बाहेर पडायचे. मला ते बरं वाटायचं आणि थोडं लागायचंही. पण खिडकीतून फक्त बसच दिसते असं थोडंच आहे. एका सकाळी पुलाच्या कठड्याशी एक माणूस उभा दिसला. पायाशी रंगाचे डबे, डोक्यावर रुमाल. तो थांब्याकडे तोंड करून उभा होता आणि बस येऊन मी चढेपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवशीही होता. नवव्या महिन्यापर्यंत रोज होता. मी बसून असायचे आणि ते तिकडे उभे. मी दिसते तोवर सगळं ठीक आहे, एवढं त्यांना पुरत होतं. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, अक्षरं लांबून नीट दिसतात का बघतोय.

मुलगी झाली. चांगली पुष्ट, आवाज खणखणीत, म्हणजे बापावर गेली नाही. तीन महिन्यांनी तिला कारखान्यातल्या बायकांना दाखवायला घेऊन निघाले. जयराम नेहमीसारखे आधीच बाहेर पडले होते. मी बाकावर बसले, मुलीला उभं धरलं आणि खिडकीतून बघितलं. ते पुलावर होते.

मी तिचा इवलासा हात धरला आणि खिडकीतून बाहेर काढून हलवला.

त्यांनी डबे खाली ठेवले. आधी एक हात वर केला, मग दुसरा, आणि दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध चालत आले. मागून साडेनऊची बस येऊन उभी राहिली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि आयुष्यभर कुणाच्या वाटेत न आलेला माझा नवरा बाजूला व्हायला तयार नव्हता.