दुसऱ्यांनी सोडलेलं लिव्हर

आमचे मालक कुणावर भरोसा ठेवत नाहीत. राणीसावरगावात सकाळी कुणी "राम राम, भागवतराव" म्हटलं, तरी ह्याला आज काय पाहिजे असेल, हेच त्यांच्या मनात आधी येतं. म्हशींचा व्यापार करणाऱ्या माणसाचं असंच होत असावं. बाजारात म्हैस आणणारा तिची धार काढत नाही, कास तुंबवून आणतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं केवढं दूध आहे! आमचे हे तसल्या कासेला भुलत नाहीत. विकणाऱ्याच्या दावणीला जाऊन सांज-सकाळ स्वतः धार काढून बघतात आणि मगच बोलणीला बसतात. त्यामुळं घरात बरकत राहिली, हे मी नाकारत नाही. पण अशा माणसाबरोबर दवाखान्यात जायचं म्हणजे दुखणं परवडलं.

माझं लिव्हर गेलंय. दारूचा थेंब न घेता गेलंय, हे मुद्दाम सांगते, कारण गावातल्या बायका माझ्याशी बोलताना जरा जास्तच जवळ येतात आणि वास घेतात. पोटात पाणी होतं, डोळे पिवळे दिसतात, आणि कधीकधी ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही. ह्यांना शुगर, माझ्या भावाचा रक्तगट वेगळा, लेक नुकतीच बाळंत झालेली. घरातलं कुणाचं घेता येईना, म्हणून मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळावं यासाठी संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात नाव लावून ठेवलं होतं.

फोन आला तेव्हा हे बोरीच्या बाजाराला निघाले होते. लिव्हर मिळालंय, या म्हणाले. पण गाडी पळवू नका, वेळ आहे.

फोन ठेवून हे दारातच उभे राहिले. "वेळ हाय म्हणायलेत. मागं ह्यांनीच सांगितलं होतं ना, की तुमचं गाव लांब, लिव्हर तेवढा वेळ टिकत न्हाई? मग आता कसं टिकायलंय?"

"तिथं जाऊन इचारा. आधी गाडी काढा," मी म्हटलं.

गंगाखेडपासून जालन्यापर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. फसवणारा माणूस घाई करतो, हे त्यांना ठाऊक होतं. घाई न करणारा भेटल्यावर त्यांना काही सुचेना, आणि त्यामुळं ते आणखीच चिडले.

दवाखान्यात डॉक्टर धम्मपाल भेटले. तरुण माणूस, बोलायला गोड. "मामा, मी तुमच्या शेजारचाच, पालमचा. वडील तिथं शाळेत मास्तर होते," असं म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली. डॉक्टर फाइल आणायला आत गेले तसे हे माझ्या कानाला लागले. "गावाचं नाव सांगून जवळीक करायलाय. ध्यानात ठेव."

डॉक्टरांनी काही लपवलं नाही, हे आधीच सांगते. अपघातात डोक्याला मार लागून गेलेल्या एका माणसाच्या घरच्यांनी लिव्हर दिलं होतं. त्या लिव्हरवर चरबी होती, म्हणून दोन दवाखान्यांनी ते घेतलं नाही. पूर्वी असलं लिव्हर वायाच गेलं असतं, कारण बर्फात ठेवलेल्या लिव्हरकडे बघून ते चालेल की नाही, हे सांगता येत नाही. आता या दवाखान्यानं एक मशीन आणलं होतं. त्यात लिव्हरमधून अंगाच्या उबेचं रक्त फिरवत ठेवतात. लिव्हर बर्फातल्यापेक्षा जास्त वेळ टिकतं, काम करायला लागतं, पित्त तयार करतं, आणि काही तास त्याच्यावर लक्ष ठेवता येतं.

"चाललं तर ताईंना बसवू. नाही चाललं तर नाही," डॉक्टर म्हणाले.

"दुसऱ्यांनी सोडलेलं आमाला कामून?" हे म्हणाले.

"त्यांच्याकडं हे मशीन नाही, मामा."

"तुमच्याकडं कवा आलं?"

"थोडे महिने झाले."

"म्हंजी नवीन हाय. नवीन मशीन घेतल्यावर ते चालवून तर बघावं लागतं, आं? आन् त्याला पोट पाहिजे खेड्यातल्या बाईचं."

मला लाजेनं मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. आत कुणाला जाता येत नाही म्हणून त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. काचेच्या पेटीत तांबूस लिव्हर, त्याला नळ्या, आणि एका नळीतून थेंब थेंब पडणारं हिरवट पिवळं पित्त. मी बघतच राहिले. ज्याचं होतं तो माणूस सुटून गेला आणि त्याचं लिव्हर इथं कामाला लागलंय, याचं मला वाईटही वाटलं आणि कौतुकही वाटलं.

"हे ह्याच लिव्हरचं कशावरून?" हे म्हणाले. "जुना व्हिडिओ असंल."

डॉक्टर म्हणाले, "मामा, तुम्ही दोघं बोलून घ्या," आणि बाहेर गेले.

दोघंच राहिलो आणि माझा तोल सुटला. गेले काही महिने एक विचार मनात घर करून बसला होता. आटलेली, गाभ न राहणारी म्हैस हे दावणीला ठेवत नाहीत, हे मी लग्न झाल्यापासून बघत आलेय. त्या म्हशीसाठी एका शब्दानं हळहळत नाहीत. आता घरात मी तशी झालेली. स्वयंपाक होत नाही, बसलं की उठवत नाही. प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा हा माणूस खरंच लिव्हरची खोट बघतोय, की नाही म्हणायला निमित्त शोधतोय?

"मी भाकड झाले म्हून टाळायलात ना तुमी?" मी विचारून टाकलं.

ह्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "कुणी फेकलेलं तुझ्या पोटात घालू देऊ का मी?"

याला मी उत्तर मानलं नाही. डॉक्टरांना हाक मारली आणि म्हटलं, "पोट माझं हाय, सही बी मीच करते. मला जगायचंय." सही केली. ह्यांनी कागदाला हातही लावला नाही.

मला हिरवे कपडे घातले, हाताला सुई लावली. आता फक्त मशीनकडून निरोप यायचा होता. हे दाराशी उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सकडं गुरं चोरायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघत होते. मधेच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बघ तू. चाललं म्हणूनच सांगतील. एवढं सगळं मांडून ठेवल्यावर न्हाई कोण म्हणतंय?" मी तोंड भिंतीकडं केलं.

दिवस मावळताना डॉक्टर धम्मपाल आले. खुर्ची ओढून बसले.

"ताई, हे लिव्हर मी बसवणार नाही. सुरुवातीला पित्त आलं, पण मग थांबलं. मशीनमधल्या रक्तातला खराब भाग जसा कमी व्हायला पाहिजे, तसा होत नाहीये. आम्ही पुष्कळ वाट बघितली."

मी ह्यांच्याकडं बघितलं. आता हे म्हणणार, सांगितलं होतं ना! आयुष्यभर म्हणत आलेत. या एका वेळी त्यांनी ते म्हणू नये, असं मला फार वाटत होतं. तसं म्हणाले असते, तर मी त्यांना कधीच माफ केलं नसतं.

हे पुढं आले आणि डॉक्टरांचा हात दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, जरा खराब असलं तरी चालंल. घाला. मी काय म्हणणार न्हाई तुमाला. जिम्मेदारी माझी."

"मामा, हे घातलं तर ताई वाचणार नाहीत."

"आन् न घालता तरी किती..." एवढं बोलून ते एकदम थांबले. मी ऐकतेय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

डॉक्टर उठले. पुढचं लिव्हर आलं की पहिला फोन तुम्हालाच करीन, म्हणाले आणि ह्यांचा हात हळूच सोडवून गेले.

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हा माणूस मला टाकायला निघाला नव्हता. आणि त्याच क्षणाला अंगावर काटा आला, कारण हा माणूस कधी खराब माल मागत नाही. त्यानं मागितला, म्हणजे मागच्या खेपेला, नाव लावायला आलो तेव्हा, इथल्या कुणा डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं, आणि ते तो एकटाच घेऊन फिरत होता.

"किती दिवस सांगितलेत मला?" मी विचारलं.

ते माझ्या हाताची सुई नीट आहे का, ते बघायला लागले. सुईतलं त्यांना काही कळत नाही.

"लय हायेत," ते म्हणाले.

त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. लहान पोरानंही ओळखलं असतं.

"मग जेवून या जा," मी म्हटलं. "सकाळपासून तुमच्या पोटात अन्न न्हाई."