चिंचेच्या खोलीतला काटा

मी एक जुना तापमापक आहे. ताटलीएवढं गोल तोंड, त्यावर काळे आकडे, मधोमध एक काटा आणि पाठीला वीतभर लांब दांडी, एवढाच माझा पसारा. वसमतच्या बाहेर एक शीतगृह आहे. त्याच्या तीन नंबरच्या खोलीत, मागच्या भिंतीजवळ मी बावीस वर्षं टांगलेला आहे. इथले लोक मला नुसतं 'काटा' म्हणतात. मित्रांनो, मला बोलता येत नाही हे आधीच सांगून ठेवतो. बोलता आलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतात ते खोकं उघडून माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघणारे संतराम काका. ते जवळच्या हट्टा गावचे. इथली थंडीची मशीन पहिल्या दिवसापासून तेच चालवत होते. त्यांनी मला भिंतीवर लावण्याआधी बर्फाचा चुरा आणि पाणी भरलेल्या बादलीत माझी दांडी बुडवली आणि दहा मिनिटं बिडी न ओढता बसून राहिले. काटा बरोबर शून्यावर आला तेव्हा कुठं ते हसले. नवरी बघायला गेलेल्या माणसानंही इतकं पारखलं नसेल. पुढं दर उन्हाळ्याच्या तोंडी त्यांनी ही परीक्षा घेतली आणि मी एकदाही नापास झालो नाही. हे मी फुशारकीनं सांगतो आहे, कारण माझ्याजवळ फुशारकी मारावी असं दुसरं काही नाही.

प्रेमदास इथं हमाल म्हणून आला. जवळच्या तांड्यावरचा उंचपुरा गडी. तो पोती थप्पीला लावताना त्यांवरचे आकडे वाचत जायचा, ते काकांनी हेरलं आणि त्याला मशीनवर घेतलं. काकांची शिकवण थोडकी होती. खोलीत शिरल्या शिरल्या मत बनवायचं नाही. अंग निवेपर्यंत बसायचं. दोन आकडे जुळले नाहीत तर बर्फाला विचारायचं, कारण बर्फ कुणाचा पाहुणा नाही. आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे.

"मशीन बिघडली की पाना हातात घेऊ नको. आधी इचार, बिघडायच्या आधी इथं कुणी काय केलं."

मग काका म्हातारे झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते गावी गेले. त्याच वर्षी मालकांनी दाराबाहेर लाल आकड्यांचं नवं बोर्ड लावलं. त्याची एक तार आत आली होती. तारेच्या टोकाला शेंगदाण्याएवढा दाणा होता आणि तो खोलीच्या मध्यावर एका खिळ्याला लटकायचा. दाण्याला जेवढं गार लागेल तेवढा आकडा बाहेर दिसायचा आणि मशीनही त्याच्याच हुकुमानं चालू-बंद व्हायची. दार उघडलं की थंडी जाते, म्हणून आत येणं कमी झालं. माझ्याकडं बघणारं कुणी उरलं नाही. मला वाईट वाटलं, पण मी आपलं काम सोडलं नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये हट्ट्याच्या सोजराबाई टेम्पो घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर अकरा बाया होत्या. उन्हाळा लागल्यापासून त्यांनी चिंचा वेचल्या होत्या, फोडून चिंचोके काढले होते. दरवर्षी झाडाखालीच व्यापाऱ्याला द्यायच्या. तो म्हणेल तो भाव. त्या वर्षी सोजराबाईंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं की थंडीत ठेवू, दिवाळीनंतर विकू आणि आलेल्या पैशात आपली मसाल्याची चक्की घेऊ. घराघरांतून कुरबुर झाली होती. तरी बायांनी माल दिला तो सोजराबाईंच्या शब्दावर. जाताना त्यांनी प्रेमदासला एवढंच सांगितलं, की बाबा, ही चिंच न्हाई, माझी जबान हाय, सांभाळ.

प्रेमदासनं ती सांभाळली. सहा महिने काटा आठ अंशांवर होता आणि चिंच विटकरी-पिवळी, जशी आली तशी होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं नांगरापासून मोटारीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. आम्हीही त्याला अपवाद नाही. प्रेमदासनं मशीन धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, मलाही कुंकवाचं बोट लावलं. लाल फडक्यात बांधलेला नारळ खोलीच्या मध्यावर टांगायचा होता. तिथं एकच खिळा होता. त्यानं तारेचा दाणा खिळ्यावरून काढला, शेजारी गार हवा फेकणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी एक हूक होता त्याला अडकवला आणि खिळ्याला नारळ टांगला. हात जोडले. बाहेर प्रसाद वाटायला गेला आणि विसरला.

मित्रांनो, पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. दाण्याच्या तोंडावर सरळ गार झोत. त्याला वाटे खोली गारठली. तो मशीन बंद करी. थोड्या वेळानं चालू, लगेच बंद. बोर्डावर कायम आठ. आणि मागच्या भिंतीशी, चिंचेच्या पोत्यांजवळ, मी हळूहळू बारावर गेलो, मग पंधरावर, मग सतरावर.

मशीन अशी उचकी लागल्यासारखी का चालते, म्हणून प्रेमदास आत आला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन; तिथून आत येणाऱ्याला सतराही गारच लागतात. तो बसला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बोटानं दोनदा काच वाजवली. मी सतरावरून हललो नाही. मी खरं सांगत होतो, दुसरं काय करणार?

"म्हातारं झालं हे," तो हमालाला म्हणाला. "बोर्ड बराबर हाय."

फाटकाबाहेर बर्फाचा गोळा विकणारा उभा होता. ओंजळभर चुरा आणून मला विचारलं असतं, तर दहा मिनिटांत खरंखोटं झालं असतं. प्रेमदासला ते येत नव्हतं असं नाही. त्याला गरज वाटली नाही.

नांदेडहून मेकॅनिक आला. त्यानं गॅस भरला. उपयोग झाला नाही, म्हणून एक स्विच बदलला. मग सबंध बोर्डच नवं बसवलं. तार मात्र जुनीच. नव्या बोर्डानंही आठच दाखवले, म्हणून सगळ्यांची खात्री पटली की मी बिघडलो आहे. मधे कुणी मशीनला हात लावला का, असं त्यानं विचारलं होतं. प्रेमदास नाही म्हणाला आणि तो खोटं बोलला नाही. पूजा केली याला 'मशीनला हात लावला' असं आपण कुठं म्हणतो?

चौथ्या आठवड्यात पोत्यांना आंबूस वास सुटला. मालकांनी गाडी पाठवून संतराम काकांना आणलं. काका घोंगडी पांघरून एका पोत्यावर अंग निवेपर्यंत बसले. मग त्यांनी बर्फ मागवला. माझा काटा शून्यावर आलेला त्यांनी डोळ्यांनी नाही, हमालाकडून वाचून घेतला. ते उठले, हातानं चाचपत खोलीच्या मध्यावर गेले आणि खिळ्यावरचा नारळ त्यांच्या हाताला लागला.

"ह्या खिळ्यावर आधी काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

प्रेमदासनं वर पाहिलं, पंख्याकडं पाहिलं आणि हुकावरचा दाणा काढून काकांच्या हातात दिला.

काकांनी बराच वेळ त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मग ते हळूच म्हणाले की खिळा निसटला म्हणून सांगू, मालकही ऐकतील, बायाही ऐकतील. प्रेमदासनं मान हलवली. नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई टेम्पो घेऊन आल्या. त्यांनी एक पोतं उसवलं. आतली चिंच काळी, चिकट झाली होती. त्यांनी मूठभर हातात घेतली. प्रेमदासनं सगळं सांगितलं. नारळाचं, तारेचं, आणि माझं ऐकलं नाही तेही.

"तुझ्यावर राग न्हाई रे," सोजराबाई म्हणाल्या. "देवासाठी केलं तू. पण त्या अकराजणींना मी काय सांगू?"

"तुमी काहीच सांगू नका. मी येतो. मीच सांगतो."

पोती त्यानं एकट्यानं पाठीवर वाहिली आणि त्याच टेम्पोत बसून तो हट्ट्याला गेला. तिथलं मी पाहिलं नाही, हमालांकडून ऐकलं. तो पारासमोर उभा राहून बोलला. कुणी शिवी दिली नाही. एकेक बाई उठून घरी गेली. सोजराबाई एकट्याच बसून होत्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी मशीन चालवाल, कुणी मोठ्या इमारती सांभाळाल. जुनी वस्तू नकोसं सांगू लागली तर तिला वेडी ठरवण्याआधी एकदा पारखून बघा. आणि काय बिघडलं हे शोधताना आपण प्रेमानं केलेली गोष्टही मोजा, कारण हात प्रेमानं लावला तरी तो लावलेलाच असतो. एवढीच माझी विनवणी.

प्रेमदास आता रोज आत येतो. अंग निवेपर्यंत बसतो, मग मला बघतो. दाणा त्याच्या जागी आहे, काटा बरोबर आठावर आहे. या एप्रिलमध्ये दारात टेम्पो वाजला की तो उठून बघायला जायचा. हट्ट्याची चिंच यंदा झाडाखालीच गेली, व्यापारी म्हणाला त्या भावानं.