कानाचा नंबर

जगात खरं बोलणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आकडा. माणूस भिडेखातर खोटं बोलतो, आरसा उजेड बघून बोलतो, फोटोवाला तर आधी पोट आत घ्यायला सांगतो. आकडा मात्र कुणाच्या बापाला भीत नाही. हे विधान नंबरकाकांचं. बुटांच्या दुकानात उभे राहून ते हे विधान करत, तेव्हा त्यांच्या डाव्या पायात सात नंबरचा बूट असे आणि उजव्या पायात आठचा. कारण शोकेसमध्ये राहून राहून जोडीदार हरवलेले बूट मालक त्यांना तसेच देऊन टाकत. डावा अंगठा ठणकत असे. पण तो अंगठ्याचा प्रश्न, आकड्याचा नव्हे.

त्या दुकानात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते नुसत्या चालीवरून नंबर सांगत, म्हणून सगळे त्यांना नंबरकाका म्हणत. गिऱ्हाईक कुरकुरे, "काका, चावतोय हो." काका म्हणत, "तुमचा नंबर आठ, बूट आठचा. चावायचं कारणच नाही." पायाचं ऐकायचं नाही, नंबरचं ऐकायचं, असा धंद्याचा दंडक होता. गिऱ्हाईक लंगडत जाई, पण पटून जाई.

तर अशा माणसाच्या मुलीने कानाच्या पाळ्यांची भोकं मोठी करायला घेतली.

मुलगी तेवीस वर्षांची, नकाशे काढायचं शिकून घरी बसलेली. जानेवारीतल्या एका सकाळी ती चहा ओतायला वाकली आणि काकांना तिच्या पाळ्यांत दोन काळ्या खुंट्या दिसल्या.

"हे काय?"

"पाळ्या ताणतेय, बाबा."

"कशाला?"

"आवडतं म्हणून."

या उत्तराला बुटांच्या धंद्यात तोड नाही. निम्मा माल याच उत्तरावर खपतो. पण काकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र उभं राहिलं. गावातल्या नकाशा कार्यालयाचे साहेब त्यांचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. तिथले एक गृहस्थ वर्षअखेर निवृत्त होणार होते आणि साहेब आपणहून म्हणाले होते, "डिसेंबरात जागा होईल. मुलीला अर्ज करायला सांगा." काकांनी आयुष्यात कुणाकडे शब्द टाकला नव्हता, हा न टाकता मिळालेला. आणि हे साहेब असे, की बुटाच्या दोन नाड्यांत अर्ध्या बोटाचा फरक निघाला तर जोडी परत पाठवायचे. ते भोकं पडलेले कान बघून काय म्हणतील?

काका ओरडले. मुलगी उठून गेली आणि अकरा दिवस बोलली नाही.

"अहो, ओरडून कुणाच्या कानात काही शिरत नाही," काकू म्हणाल्या. त्या औषधांच्या दुकानात काम करत आणि रोग व नवरा यांच्याशी सारख्याच शांतपणे बोलत.

बाराव्या दिवशी काका दाढी करत होते. आरशाच्या कोपऱ्यात मुलीच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता. वर लिहिलं होतं, "कान". खाली: आठ नंबर, जानेवारी. सहा, मार्च. चार, मे. दोन, जुलै. शून्य, सप्टेंबर.

काकांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा हात अर्ध्या गालावर थांबला. आठ, सहा, चार, दोन, शून्य. पोरीला उपरती झाली होती! तोंडाने कबूल करवत नव्हतं, म्हणून बिचारी गुपचूप नंबर उतरवत आणत होती. सप्टेंबरात शून्य, म्हणजे भोक बंद, डिसेंबरात मुलाखत. हिशोब इतका चोख बसत होता की त्यात चूक असण्याची शंका घेणं हाच आकड्याचा अपमान.

गालावरच्या साबणासकट ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"कागद वाचला. मला पटलं."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"खरंच, बाबा?"

"खरंच. पण शून्यापर्यंत नेशील ना? मधेच सोडून नाही ना देणार?"

"नाही. शून्य ठरवलंय म्हणजे शून्य."

"मग मी तुझ्या बाजूने."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. "पंचवीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं." काकांनी विनयाने मान खाली घातली. साबण फरशीवर गळला.

मग काकांनी या कामात असं लक्ष घातलं की विचारू नका. मुलीने त्यांना पद्धत समजावली: आधी गरम पाण्याने अंघोळ, मग तेलाचे दोन थेंब घेऊन पाळी दोन बोटांत हळूहळू चोळायची, मग काचेची नाहीतर चांगल्या पोलादाची गुळगुळीत खुंटी अलगद सरकवायची. जोर लावायचा नाही. गेली तर गेली, नाही गेली तर पंधरा दिवस थांबायचं. दोन नंबरांमध्ये दोन महिने. रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं.

काकांना हे सगळं ओळखीचं वाटलं. घट्ट बूट सैल करायचा तर दुकानात असंच करत: आत तेल लावायचं, पायाच्या आकाराचं लाकडी कालबूत घालायचं, त्याच्या स्क्रूचा रोज अर्धा आटा फिरवायचा. घाई केली की शिवण उसवते. एवढंच कोडं पडलं, की बूट असा केल्याने मोठा होतो. मग कान याच उपायाने लहान कसा होणार? दोन दिवस ते या प्रश्नाने घेरलेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांना लोकरीचा स्वेटर आठवला. गरम पाण्यात आटतो! म्हणून आधी अंघोळ. त्यांना बरं वाटलं. रोज सकाळी तेलाची वाटी कोमट करून ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मार्चमध्ये नव्या खुंट्या आल्या.

"जाडसर दिसतात," काका म्हणाले.

"मग! सहा नंबर आहे." मुलगी खुशीत होती.

सहा म्हणजे आठापेक्षा कमी. दिसायला जास्त. काकांनी डोळे चोळले. शेवटी त्यांनी ठरवलं की दागिना मोठा असला तरी आतलं भोक लहान असणार. डब्यावरून कुठे बुटाचा अंदाज येतो? डोळ्यांचं ऐकायचं नाही.

मे महिन्यात चार आला आणि काका निर्धास्त झाले. पण आठवड्याने आरशावरच्या कागदावर चार खोडलेला दिसला आणि वर लाल शाईत पुन्हा सहा.

ते ओल्या तोंडाने बाहेर आले. "हे गं काय? चारावरून परत सहावर?"

"पाळी लाल झाली, बाबा. ठणकायला लागली. अशा वेळी एक पायरी मागे यायचं असतं."

"मागे? अगं, एवढी खाली आलेलीस! एका ठणक्याने परत वर?"

"वर कुठे? खालीच तर आले."

काकांनी तोंड पुसलं. सहा चाराच्या खाली असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी काकूंना गाठलं.

"पोरगी ढेपाळली वाटतं."

"ढेपाळली कसली? शहाणी म्हणून मागे आली. रेटलं असतं तर आतली कातडी मागून ओठासारखी उलटली असती. मग बसा डॉक्टरकडे."

"पण शून्यावर येईल ना?"

"येईल हो. तुम्हाला तिच्यापेक्षा घाई," काकू हसल्या. "मैत्रिणींना सांगते मी, आमच्याकडे बापच मागे लागलाय. कुणाचा विश्वास बसत नाही."

काकांचा स्वतःचाही बसत नव्हता, पण वेगळ्या कारणाने.

जुलैत पुन्हा चार आला. वेळापत्रक दोन महिने मागे पडलं होतं. काकांनी बोटांवर मोजलं आणि एके दिवशी सुचवलं, "दोन नंबर गाळला तर? चारावरून थेट शून्य?"

"बाबा! तुम्ही बोलताय हे? तुमच्याकडे कुणी सहाच्या बुटात एका दिवसात आठाचा पाय कोंबला तर?"

"फाटेल."

"मग?"

काकांची मान खाली गेली. धंद्याच्या नावाने कान उपटला गेला होता. पुढे त्यांनी घाईचा शब्द काढला नाही. सप्टेंबरात दोन आला, तेव्हा त्यांनी स्वतःच म्हटलं, "आता दोन महिने हात लावू नकोस." मुलीने त्यांना मिठी मारली. तिच्या कानातली काच त्यांच्या जबड्याला लागली. चांगली बोराएवढी लागली. आकडा दोन होता.

नोव्हेंबरात शून्य आला. कागदावर मुलीने त्याच्याभोवती फुलं काढली. सुटलो, असं काकांना झालं.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी ती बेसिनपाशी कान धूत होती. खुंट्या बशीत काढून ठेवलेल्या. काका हात धुवायला गेले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. तिच्या पाळीतून त्यांना नळ दिसत होता. अर्धवट नव्हे, नळाचं तोंड पुरं दिसत होतं. त्यातून एक थेंब पडला, तोही दिसला.

"हे... बुजलं नाही?" ते म्हणाले.

"काय बुजायचंय?"

"शून्य ना?"

"शून्यच आहे की. आठ मिलिमीटर."

"शून्य म्हणजे आठ?"

"हो."

"आणि आठ म्हणजे?"

"सव्वातीन."

काका उलट्या बादलीवर बसले. "मग पाच म्हणजे किती?"

"पाच नंबर कानात कुणी घालत नाही, बाबा."

"आकडा उतरतो तसं भोक वाढतं?"

"तारेच्या नंबरावरून आलंय ते. तार बारीक करायला ती भोकातून जितक्यांदा ओढायची, तितका तिचा नंबर चढत जातो. म्हणून मोठा नंबर म्हणजे बारीक तार."

"आणि शून्याच्या पुढे?"

"दोन शून्य."

"ते तरी—"

"आणखी मोठं."

मुलीने नळ बंद केला. तिचा चेहरा हळूहळू बदलत होता.

"बाबा, मग इतके दिवस तुम्हाला काय वाटत होतं?"

काका मनात हिशोब करू लागले. आता खरं सांगितलं, की गेले दहा महिने रद्द. ती मिठी, काकूंचं कौतुक, रोज सकाळचं बोलणं, सगळं चुकून दिलेल्या मालासारखं परत करावं लागणार. आणि खरं तरी काय होतं? ते तिच्या विरुद्ध होते, हे खरं. कान लाल झाला तेव्हा त्यांनी फुंकर घातली होती, हेही खरंच. यातलं कुठलं कुठल्या नंबरचं, हे त्यांना ठरवता येईना.

"मला? काय वाटणार? बरोबरच वाटत होतं."

"म्हणजे तुम्ही माझ्या बाजूनेच होता ना?"

"अगं, रोज तेल कुणी गरम केलं?"

हे उत्तर नव्हतं, पण खोटंही नव्हतं. मुलीने ते घेतलं.

पंचाईत खरी आता होती. मुलीच्या अर्जाला पत्र आलं होतं: मुलाखत दहा डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता. दहा महिने पाठीशी उभा राहिलेला बाप ऐनवेळी कान झाक म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? मुलाखतीविषयी काही विचारायची सोयच उरली नव्हती. कुठूनही सुरुवात केली तरी गाडी कानावरच येणार. त्यांनी काकूंना आडून विचारलं, "ते काढून ठेवलं तर किती दिवसांत बुजतं?"

"दिवसांत कसलं? महिने लागतात. आणि इतकं मोठं पुरतं बुजेलच असं नाही. का हो?"

"सहज."

साहेब दुकानात आले तेव्हा काकांनी त्यांच्या मनाची तयारी करून पाहिली. "साहेब, हल्लीच्या मुलांच्या कानांचं म्हणजे..."

"काय कानांचं?"

"ऐकतच नाहीत."

"माझाही कान ऐकत नाही," साहेब म्हणाले. "हा बूट आठच आहे ना? चावतोय."

काका वाकले आणि त्यांनी बुटाचं टोक दाबून पाहिलं. मग एकतीस वर्षांत प्रथमच म्हणाले, "चावत असेल. नऊ घालून बघा." मालकाने गल्ल्यावरून मान वर केली.

आदल्या संध्याकाळी त्यांनी एक रुंद, मऊ, निळा रुमाल आणला. डोक्यावरून घेतला तर दोन्ही कान झाकतील असा; तो त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतःच्या डोक्याला बांधून खात्री करून घेतली होती. मुलीला दिला तेव्हा नुसतं म्हणाले, "थंडी आहे."

"किती छान आहे!" ती म्हणाली आणि तिने तो गळ्यात बांधला.

दहा तारखेला काकांनी अर्धी रजा टाकली. मुलीचे बूट घासून पुसून दाराशी ठेवले. सव्वादहाला ते कोट घालून उभे होते. मुलगी घरातल्या कपड्यांत, केस उंच बांधून, दोन्ही कान उघडे टाकून सावकाश पावाला लोणी लावत होती.

"चल, निघायचं ना?"

"कुठे?"

"कुठे काय? मुलाखतीला!"

"बाबा, मुलाखत फोनवर आहे. पत्रात तर लिहिलं होतं. तुम्ही वाचलं नाहीत?"

अकराला फोन आला आणि अकरा वाजून नऊ मिनिटांनी मुलाखत संपली. घेणारी बाई दुसऱ्याच गावातल्या शाखेत बसत होती. पुढच्या आठवड्यात नोकरीचं पत्र आलं. काम घरी बसूनच करायचं होतं.