सातव्या झाडाची चिंधी

कारंज्यात एकतीस वर्षं मी बारावीला जीवशास्त्र शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एकाही झाडाला हात लावला नाही. हे कबूल करायला मला निवृत्तीनंतर तीन वर्षं लागली. मला झाडं आवडायची ती फळ्यावरची. त्यांच्यावर मुंग्या नसतात आणि खोड, पान, फूल सगळं एकदमच दिसतं. ऐन आणि धावड्यातला फरक मी दरवर्षी इतक्या तळमळीनं सांगायचो, की पोरांना वाटायचं, सर सुट्टीच्या दिवशी जंगलातच असतात. सुट्टीच्या दिवशी मी झोपायचो.

पोरांचा हा समज मी कधी खोडून काढला नाही. कशाला काढू? माणसाबद्दल लोक आपणहून चांगलं बोलत असले, की मध्ये तोंड घालू नये असं माझं मत होतं.

मग फेब्रुवारीत माधवीचा फोन आला. माधवी माझी जुनी विद्यार्थिनी. आता वर्ध्याला दातांची डॉक्टर आहे आणि सुट्टीत लोकांना डोंगरावर घेऊन जाणारं एक मंडळ चालवते. म्हणाली, "सर, मार्चमध्ये गरमसूरच्या डोंगरात जंगल समजून घ्यायची सहल आहे. पंधरा जण येतायत. वाट दाखवायला वनरक्षक आहे, पण झाडं सांगायला तुमच्याशिवाय कोण?"

मी "बघतो" म्हणालो, तेही इतक्या विनयानं की मला माझंच कौतुक वाटलं.

फोन ठेवला तेव्हा माझी बायको नलू ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अंगनातल्या कडूनिंबाले तुम्ही दोन वर्स बकान म्हनत होते."

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला राग आला. त्या रागातच मी सहलीच्या सहा दिवस आधी डोंगर पाहून यायचं ठरवलं.

वनरक्षक म्हणजे आमचा रुपेश. हाही माझाच विद्यार्थी. सहामाहीत मी त्याला पन्नासपैकी सात दिले होते. पेपरवर लाल शाईनं ते एवढे मोठे लिहिले, की शेवटच्या बाकावरूनही दिसावेत. माझ्या सातच्या आकड्याला खाली उगाच एक वळणदार शेपटी असते. कारंज्यातली निम्मी पोरं ती शेपटी ओळखतात, कारण निम्म्यांना ती मिळालेली आहे.

रुपेशला मी सांगितलं, "वाट फक्त पाहून घेऊ. झाडं मला माहीतच आहेत, पण तुम्ही इकडे काय म्हणता तेही कळेल." तो बिचारा पुढे चालत प्रत्येक झाडाला हात लावून नाव सांगत गेला. मी डायरीत लिहीत गेलो. पण मार्चमधलं जंगल म्हणजे निम्मी झाडं उघडी. डायरीतली नावं खरी, पण समोरची सगळी झाडं मला सारखीच दिसत होती.

याची तयारी मी घरूनच करून आणली होती. नलूची जरीकाठाची जुनी लाल साडी, बोहारणीसाठी बांधून ठेवलेली, तिच्या मी बारा चिंध्या फाडल्या होत्या आणि काळ्या पेननं त्यांच्यावर एक ते बारा आकडे टाकले होते. रुपेश नाव सांगून पुढे वळला, की मी मागे राहून चिंधी बांधायचो. एक नंबर धावडा, दोन तेंदू, तीन ऐन. त्यानं मागे वळून "सर, काय झालं?" विचारलं, की मी "दम लागला" म्हणायचो. ते खोटं नव्हतं. उतरलो आम्ही दुसऱ्या वाटेनं, त्यामुळे माझा हा प्रताप त्याला दिसला नाही.

सातवं झाड मोहाचं होतं. आता मोह मलासुद्धा ओळखता येतो. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला मोह ओळखता येत नसेल, तर त्यानं दुसरीकडे राहायला जावं. तिथं चिंधीची गरजच नव्हती. पण सहाला चिंधी, आठला चिंधी आणि सात मोकळं, हे काही माझ्या शिस्तीत बसेना. मी सात नंबर बांधला. शेपटीसकट.

रविवारी सकाळी साडेसहाला पंधरा जण पायथ्याशी उतरले. नव्या टोप्या, गळ्यात दुर्बिणी. माधवीनं माझी ओळख करून देताना "सरांना या डोंगरातलं पान न् पान माहीत आहे" असं म्हटलं. मी खाली मान घातली, म्हणजे विनयही दिसला आणि डायरीही बघता आली.

पहिली सहा झाडं मी गाजवली. धावड्याच्या गुळगुळीत पांढुरक्या खोडावरून हात फिरवला. ऐनाच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखी खवलं कशी असतात ते दाखवलं. खाली माती खोल म्हणून साग, वर खडक उघडा म्हणून सालई, असं उताराचं गणित सांगितलं. ते खरंही होतं आणि मला पाठही होतं. एक गृहस्थ तर वहीत लिहून घेत होते.

ऐनापाशीच माधवीनं विचारलं, "सर, या लाल चिंध्या कसल्या?"

"वनखात्याची गणना चालू असते ना," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो, की खोटं बोलायला तयारी लागते हा माझा समज तिथंच गेला. पुढे चालणाऱ्या वनखात्याच्या माणसानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कान खाजवला आणि पुन्हा चालायला लागला.

वळण घेतलं आणि मोहाचा वास आला. चार-पाच मोठे मोह, खाली झाडून साफ केलेली जमीन आणि दोन म्हाताऱ्या. एक तिच्या झाडाखाली वाकून फुलं वेचत होती. दुसरी पाठ फिरवून सात नंबरच्या झाडाखाली नुसती बसली होती. तिच्याभोवती फुलांचा पिवळा थर पडला होता. वरची ताजी, खालची काळी पडून सडलेली. टोपली रिकामी होती.

"तानाबाईमावशी, वेचून काऊन नाई राह्यल्या?" रुपेशनं विचारलं.

"झाड माहं नाई आता," बसलेली बाई म्हणाली. "पाय ना, बांधलं हाय."

पंधरा जण गोळा झाले. त्यांना वाटलं, सहलीत हे धरलेलंच आहे. मग रुपेशनं त्यांना सांगितलं, आणि मीही तेव्हाच ऐकलं, की या गावात मोहाचं प्रत्येक झाड कुणा ना कुणाचं असतं. कागदावर नाही, माणसांच्या ध्यानात. फूल पडायच्या आधी ज्याची चिंधी त्याचं ते झाड, त्या सालापुरतं. दुसरा कोणी तिथलं एक फूल उचलत नाही. आणि जे झाड वर्षानुवर्षं एकाचंच आहे, त्याला चिंधीही लागत नाही.

"चाळीस वर्स झाले, मले चिंधी बांधा लागली नाई," तानाबाई म्हणाली. "माह्या सासूचं झाड हे. दुसऱ्याच्या झाडाले चिंधी कवा बांधतेत, मालूम हाय का? तो माणूस मेला का मंग बांधतेत." तिनं पलीकडे पाहिलंही नाही. "मी जितीच हाय. पन हिले दम नाई निघाला."

पलीकडची बाई फुलं वेचायची थांबली. "म्या नाई बांधली," ती म्हणाली. आवाजावरून कळत होतं, की हे वाक्य तिचं खूपदा म्हणून झालंय.

"लाल जरीचं लुगडं तुह्याच घरी आलं ना सुनंचं?"

रुपेश हळूच मला म्हणाला, "मीराबाई हाय ते. दोघी लग्न होऊन एकाच साली गावात आल्या, सर. रोज पहाटे संगंच येतेत. पाच दिवस झाले, बोलून नाई राह्यल्या. गावात समदे बोलून राह्यले, पन मले वाटलं, बायांचं काही असन."

भांडण माझ्या चिंधीनं लावलं होतं. तरीही खरं सांगायचं तर पहिला विचार तानाबाईचा नव्हता. पहिला विचार होता, ही साडी नलूची आहे हे इथं कोणाला कळणार?

तेवढ्यात माधवी चांगुलपणानं पुढे झाली. "मावशी, ही चिंधी त्यांची नाहीच. वनखात्याची आहे, गणनेची. आमच्या सरांनीच सांगितलं."

तानाबाईचा चेहरा उतरला. आधी तो रुसलेला होता, आता घाबरला. "फारेस्टची? म्हंजे झाड तोडता का काय, रुपेश?"

रुपेश झाडापाशी गेला. चिंधीचं टोक उलटून त्यानं आकडा पाहिला. बराच वेळ पाहिला. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो आणि पाठीवरूनच मला कळलं, की त्यानं शेपटी ओळखली.

तो वळला. "खात्याची नोहे, मावशी. तोडत नाई कोनी," तो म्हणाला. "कोनं बांधली ते सरच सांगतीन."

एवढंच. पुढचं माझ्यावर सोडून तो बाजूला उभा राहिला. मी त्याच्या जागी असतो, तर सहामाहीचा सगळा सूड तिथंच उगवला असता.

"टारगट पोरांचं काम असेल" हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पंधरा जणांनी ते मानलं असतं. पण मीराबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. पाच दिवस खरं बोलूनही जिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, अशा बाईसमोर ते वाक्य बाहेर येईना. मला लाज वाटली. वर्गात कधी वाटली नव्हती तेवढी.

"मी बांधली," मी म्हणालो. "माझ्या बायकोची साडी आहे. मला झाडं ओळखता येत नाहीत, म्हणून खुणेला बांधली. रस्त्यात बारा आहेत. वनखात्याचा काही संबंध नाही."

लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी वही मिटली. माधवी जमिनीकडे बघत होती.

तानाबाई उठली. जवळ येऊन तिनं मला नीट न्याहाळलं. "मोह नाई ओळखत तुम्ही?"

"मोह ओळखतो," मी म्हणालो. "याला गरज नव्हती. सहा आणि आठच्या मध्ये आला, म्हणून बांधली."

हे ऐकून तिला जास्त राग यायला हवा होता. तिनं मीराबाईकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "पाच दिवस म्या हिच्याशी अबोला धरला. तिच्या लेकीले बाळ झालं परवा. पाहाले नाई गेली मी. ते कोन भरून देईन, गुरुजी?"

मी तिच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं.

शिक्षा रुपेशनं सांगितली. चुकून बांधलेली चिंधी बांधणाऱ्यानंच सोडायची आणि त्या दिवसाची फुलं वेचून मालकिणीच्या टोपलीत भरायची. मी गाठ सोडली आणि गुडघे टेकून बसलो. खाली बसून मोहाचं फूल कसं दिसतं ते मी प्रथमच पाहिलं. रसरशीत, चिकट. आणि मुंग्या.

तोवर तानाबाई पंधरा जणांना झाड सांगत होती. हे फूल वटवाघळांच्या भरवशावर आहे, रात्री तीच येतात. खालचा पाला पेटवला तर वेचायला सोपं जातं, पण मग नवं रोप उगवत नाही, म्हणून ती आणि मीराबाई पाला झाडतात, जाळत नाहीत. अस्वल पहाटे येऊन गेलं की फुलं कशी चेंगरलेली दिसतात. यातलं निम्मं माझ्या पुस्तकात नव्हतं आणि उरलेलं मी परीक्षेला येत नाही म्हणून गाळलं होतं. वही पुन्हा उघडली गेल्याचं मला खालून दिसलं.

अर्ध्या तासानं मी टोपली तिच्यासमोर ठेवली. कंबर सरळ होत नव्हती. तानाबाईनं टोपलीत हात घातला. एक मूठ काढली आणि फेकली, दुसरी काढली आणि फेकली. काळी पडलेली, कुजकी, पाल्यासकट. मीराबाई नकळत चार पावलं पुढे आली आणि टोपलीत डोकावली.

"मीरे," तानाबाई म्हणाली, "हे पाय याहीनं काय वेचलं."

मीराबाई टोपलीशी खाली बसली, चांगली फुलं एका बाजूला करायला लागली. "आपली थोरली नातीन तीन वर्साची हाय," ती म्हणाली, "ते बी यापरीस बरं वेचते."

"आपली" म्हणाली ती. तानाबाईनं पदर तोंडाला लावला. रडते की हसते ते मला समजलं नाही, आणि बघत राहायचा मला हक्कही नव्हता.

मी रुपेशकडे वळलो. हातात ती चिंधी तशीच होती. "किती मार्क देशील रे?" मी विचारलं.

त्यानं टोपलीकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "सात, सर. पन्नासपैकी."

दोघी एकदमच हसल्या. मी चिंधी खिशात घातली आणि आठव्या झाडाकडे निघालो. ते कोणतं झाड होतं, हे मी तानाबाईला विचारलं.