एक छटा गडद

मोठीने नमुन्याची काळपट पट्टी काउंटरवरून उचलली आणि थेट दुकानाच्या दारात उजेडाला नेली. मग पर्समधून फोन काढून त्यातला फोटो पट्टीच्या शेजारी धरला आणि डोळे बारीक करून ती दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिली. फोटो धाकट्या बहिणीच्या नव्या स्वयंपाकघराचा होता. पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन, धाकटीची पाठ वळलेली बघून काढलेला.

"हा तिचाच रंग आहे," ती दुकानवाल्या बाईंना म्हणाली. "याच्याहून एक छटा गडद दाखवा."

"याच्याहून गडद म्हणजे जवळजवळ काळाच, मॅडम."

"मग काळा दाखवा."

बाईंनी असली गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती. त्यांनी कोळशी, निळसर काळा, जळक्या लाकडाचा असे तुकडे काउंटरवर मांडले आणि आपलं नेहमीचं तेवढं सांगून घेतलं. खाली गडद घेतलं तर वरची कपाटं फिकी ठेवावीत. ते नको असेल तर ओट्याचा दगड तरी पांढऱ्याकडे झुकणारा असावा. आणि अगदीच काही नाही तर निदान हँडलं चमकती लावावीत, म्हणजे नजरेला धरायला काहीतरी राहतं.

"तिच्याकडे हँडलं नाहीतच. नुसतं दाबलं की दार उघडतं. मलाही तसंच हवंय," मोठी म्हणाली. "आणि तिने दगड पांढरा घेतलाय. माझा काळा असू दे. चकाकणारा नको, मंद."

"खूप अंधारं होईल हो."

"एकसारखं होईल," मोठी म्हणाली, आणि विषय संपला.

खरं सांगायचं तर मोठीला काळा रंग कधीच आवडत नसे. पण प्रश्न आवडीचा नव्हता, आईचा होता. वडील गेल्यापासून आई मोठीकडे राहत होती, आणि मोठीचा सगळा तोरा त्या एका गोष्टीवर उभा होता. धाकटीचा पगार जास्त, घर मोठं, नवरा बोलका, अंगावर पंचविशीतले कपडे अजून बसतात. असू देत. आई कुणाकडे आहे? माझ्याकडे. हे वाक्य ती तोंडाने कधी म्हणत नसे, पण बहिणींची भेट झाली की तिच्या बसण्यात ते दिसायचं.

मग धाकटीने स्वयंपाकघर नवं केलं आणि आईला राहायला बोलावलं. हिवाळाभर राहते, असं सांगून गेलेली आई महिनाही पुरा न करता परत आली. नडगीवर हे एवढं काळंनिळं झालेलं. "बसच्या पायरीला लागलं," म्हणाली. ती परत आली याचाच मोठीला इतका आनंद झाला की तिने पुढे काही विचारलं नाही. मलम मात्र स्वतःच्या हाताने लावलं.

आनंद फार टिकला नाही. आई घरी येणाऱ्याजाणाऱ्याला धाकटीचं कौतुक सांगत सुटली. "चिमीचं स्वयंपाकघर काय देखणं झालंय म्हणून सांगू! सगळं गडद, एकसारखं. पुस्तकात असतं ना, तसं." शेजारणीला सांगितलं, फोनवर मावशीला सांगितलं, दूध आणणाऱ्यालाही सोडलं नाही. मोठीचा नुसता जळफळाट व्हायचा. आपल्या साईच्या रंगाच्या, कडेने पिवळ्या पडलेल्या दारांकडे, त्यांच्यावरच्या गोल काळ्या मुठींकडे बघून तिला वाटायचं, आईला आता हे डोळ्यांपुढे नको झालंय. एक दिवस पिशवी भरेल आणि तिकडे जाईल ती जाईलच. आईच ती, पण माणूस आहे. देखण्या घरात कुणाला राहावंसं वाटणार नाही?

काम झालं. सुताराने जुनी दारं काढून गॅलरीत रचून ठेवली, सवडीने घेऊन जातो म्हणाला. नव्या ओट्यावर स्टीलचे डबे विजोड दिसायला लागले, म्हणून मोठीने तेही काळे आणले. सगळं मनासारखं झालं, फक्त एक गोष्ट सोडून. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आई चहा टाकायची. कपबशांचा तो आवाज ऐकत मोठी आणखी थोडा वेळ अंथरुणात लोळायची. आता आवाज येईना. "हल्ली जागच येत नाही गं लवकर," आई म्हणाली. आई रुसली असेल, असं मोठीला वाटलं. चिमीकडची सर याला आली नाही म्हणून.

रविवारी धाकटी बघायला आली. या घटकेची मोठीने किती वाट पाहिली होती! ती मुद्दाम धाकटीच्या तोंडासमोर उभी राहिली, म्हणजे चेहरा पडतो तो नीट दिसावा. चेहरा पडलाही. पण मोठीला हवा होता तसा नाही.

"छान झालंय, ताई," धाकटी उंबऱ्यातूनच म्हणाली. "आईला आवडलं?"

"न आवडायला काय झालं?"

"बसा गं दोघी. मी टाकते चहा," म्हणत आई त्यांच्यामधून आत गेली. जाताना तिचा हात चौकटीवर जरा जास्तच वेळ राहिला.

दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या. धाकटी खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुझी जुनी दारं आहेत का गं? एखादं दे. मला रंग जुळवायचाय."

"कशाला?"

"माझी सगळी बदलतेय मी. तुझ्या जुन्यासारखी करतेय."

मोठीला वाटलं, ही आपली चेष्टा करतेय. पण धाकटी हसत नव्हती.

"माझ्याकडे होती तेव्हा रोज तुझंच पुराण. मोठीचं स्वयंपाकघर कसं उजळ, मोठीकडे हात कसा बरोबर जागेवर जातो. इतका राग यायचा ना मला! आणि एक दिवस तिने आधाराला हात टेकला, तर खालचा खण सुटून नडगीवर बसला. तेव्हा कळलं. तिला काळ्यावरचं दिसत नाही, ताई. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. तू लगेच हातातलं काम काढून घेशील म्हणाली."

मोठीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"दारं बसली की घेऊन जाईन म्हणते तिला. थोडे दिवस," धाकटी म्हणाली.

"दारं सुताराने नेली," मोठी म्हणाली. गॅलरीचं दार तिच्या पाठीमागेच होतं. तिने खुर्ची थोडी सरकवली.

धाकटीने मान हलवली. मग दोघींचेही कान आपोआप आत लागले. आतून काहीच आवाज येत नव्हता. ना कपाचा, ना झाकणाचा. फक्त हात कशावरून तरी फिरवल्यासारखं, अगदी बारीक, पुन्हापुन्हा. मग खट्कन एक दार उघडलं आणि घाईने लावलं गेलं.

आई बाहेर आली. कोरडे हात पदराला पुसत म्हणाली, "चहापत्ती संपलीय वाटतं. राहू दे. मला काही इतका नकोच होता."

डबा मोठीने कालच भरला होता. ओट्यावरच होता, शेगडीच्या बाजूला, काळ्यावर काळा.

मोठी उठली. गॅलरीत जाऊन तिने चळतीतलं वरचं दार ओढलं आणि धूळ तळव्याने पुसली. काळ्या मुठीभोवती रंग उडून बोटांएवढा फिका डाग पडला होता. ते दार तिने आणून धाकटीच्या मांडीवर ठेवलं. सुताराचं काय झालं, असं धाकटीने विचारलं नाही.

"मूठ काळीच लाव," मोठी म्हणाली. "आणि याच उंचीवर. वरखाली केलीस तर तिला सापडायची नाही."

"काय देतेयस गं तिला?" आईने विचारलं.

"जुनं दार, आई. नमुन्याला."

धाकटी दार काखेत मारून उठली आणि बाकीची दिसतात का, म्हणून गॅलरीकडे डोकावली. "अजून दोनतीन नेऊ का गं? म्हणजे सुताराला..."

"एकच ने," मोठी म्हणाली आणि चहा टाकायला आत वळली. "बाकीची मला लागतील."